चांदीच्या भांड्यांशेजारी बेड्या

मंडळाच्या मागच्या बैठकीत संग्रहालयांवर गप्पा चालल्या होत्या. मी सांगितलं, की अमेरिकेतल्या एका कलावंतानं एका संग्रहालयातल्याच जुन्या वस्तू नव्यानं मांडल्या आणि ते प्रदर्शन जगभर गाजलं. एकानं लगेच विचारलं, "म्हणजे त्यानं स्वतः काहीच बनवलं नाही? मग तो कलावंत कसला? आमचा मामा पण दर चवथीला माटोळी नव्या तऱ्हेनं बांधतो!" सगळे हसले. मी पण हसले. पण प्रश्न चुकीचा नव्हता आणि मला तिथल्या तिथं नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर. त्यात शेवटी माझ्या आजीची एक गोष्ट पण येणार आहे, कारण तिच्यामुळेच मला हे सगळं खऱ्या अर्थानं कळलं.

आधी थोडं संग्रहालयाबद्दल

आपण संग्रहालयात जातो, काचेमागच्या वस्तू बघतो, आणि एवढंच संग्रहालय असं आपल्याला वाटतं. खरं तर बहुतेक मोठ्या संग्रहालयांत संग्रहाचा थोडासाच भाग मांडलेला असतो. बाकीचा सगळा कोठारात असतो: कपाटांत, खोक्यांत, कापडाखाली झाकलेला. त्याचा पत्ता फक्त नोंदवहीला ठाऊक असतो.

म्हणजे आपण आत पाऊल टाकण्याआधीच कोणीतरी तीन गोष्टी ठरवून ठेवलेल्या असतात. काय जपून ठेवायचं, जपलेल्यातलं काय बाहेर मांडायचं, आणि मांडलेल्या वस्तूखालच्या पाटीवर काय लिहायचं. हे तिन्ही निर्णय माणसंच घेतात. पण दालनात शिरल्यावर ती माणसं दिसत नाहीत. शांतता, थंड हवा, मंद दिवे आणि छापील पाट्या बघून वाटतं, की इतिहास हा असाच होता, नंबर टाकून ठेवलेला.

कलावंताला संग्रहालयात बोलावण्याची प्रथा ह्याच ठिकाणी उपयोगी पडते. संग्रहालय त्याला सांगतं: हे आमचं कोठार, ह्या आमच्या नोंदी, तुला इथं काय दिसतं ते दाखव. असं एक गाजलेलं उदाहरण १९६९ सालचं आहे. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनच्या संग्रहालयाचं कोठार अँडी वॉरहॉलसाठी उघडलं गेलं. संग्रहालयाचे लोक नेहमी उत्तमातलं उत्तम निवडतात. वॉरहॉलनं तसं केलंच नाही. त्यानं जोडे घेतले तर सगळेच्या सगळे, छत्र्या घेतल्या तर ढीगभर. कोठारात वस्तू जशा रचलेल्या होत्या साधारण तशाच त्या बाहेर आणल्या. 'रेड द आइसबॉक्स' हे त्या प्रदर्शनाचं नाव. त्यात बघणाऱ्याला प्रथमच कळलं, की एरवी आपल्याला निवडून, चाळून दाखवलेलं असतं.

पण वॉरहॉलचा सूर थोडा गमतीचा होता. त्याच पद्धतीला धार आणली ती फ्रेड विल्सननं.

पहारेकरी ते कलावंत

फ्रेड विल्सनचा जन्म १९५४ सालचा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. त्याच्या घराण्याची मुळं आफ्रिकेतही आहेत आणि कॅरिबियन बेटांच्या मूळ रहिवाशांतही. कॉलेजात शिकत असताना तो तिथल्या संग्रहालयात पहारेकऱ्याचं काम करायचा. पुढेही त्यानं संग्रहालयांत वेगवेगळी कामं केली. त्यामुळे दालन समोरून कसं दिसतं हे त्याला माहीत होतं आणि कोपऱ्यात उभं राहून कसं दिसतं हे पण.

१९९१ साली त्यानं एक कलाकृती केली: चार काळे पुतळे, डोकी नाहीत, आणि अंगावर न्यूयॉर्कच्या चार संग्रहालयांतल्या पहारेकऱ्यांचे गणवेश. बस, एवढंच. संग्रहालयात आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रातल्या माणसाकडे दहा मिनिटं बघतो, पण शेजारी उभ्या असलेल्या जिवंत माणसाचा चेहरा आपल्याला आठवत नाही. आणि तिकडे तो माणूस बहुतेक वेळा काळाच असायचा.

त्याच सुमारास बाल्टिमोर शहरातल्या 'द कंटेम्पररी' नावाच्या एका कलासंस्थेनं त्याला प्रदर्शनासाठी बोलावलं. ह्या संस्थेकडे स्वतःचा संग्रह नव्हता. शहरातल्या संग्रहालयांपैकी एक निवड, असं त्यांनी विल्सनला सांगितलं. त्यानं निवडली मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटी, १८४४ साली स्थापन झालेली, मेरीलँड राज्याच्या इतिहासाची मानाची जुनी संस्था. तिथं फिरताना त्याला अस्वस्थ वाटलं होतं. राज्याच्या ह्या सगळ्या कथेत आपल्यासारखी माणसं कुठं आहेत, हे त्याला सापडेना. म्हणूनच त्यानं ती जागा निवडली.

विल्सनची काम करण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. तो आधी कल्पना घेऊन जात नाही. तो जाऊन राहतो, फिरतो, बोलतो. मोठ्या पदावरच्या माणसापासून साफसफाई करणाऱ्यापर्यंत सगळ्यांशी. कोठार बघतो, नोंदी वाचतो, कुठली वस्तू कुठल्या वस्तूशेजारी ठेवली आहे ते बघतो. आपण एखाद्या कवितेचा अभ्यास करताना शब्द, त्यांचा क्रम, आणि कवीनं काय गाळलंय ते बघतो ना, तसंच.

एप्रिल १९९२ मध्ये सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर प्रदर्शन उघडलं. नाव होतं 'मायनिंग द म्युझियम'. नावातल्या इंग्रजी शब्दाचे तीन अर्थ होतात. एक, खाण खोदणं, म्हणजे पोटात दडलेलं बाहेर काढणं. खाण म्हणजे काय ते गोव्यात राहणाऱ्यांना सांगायला नकोच. दुसरा, सुरुंग पेरणं. आणि तिसरा, माझं करणं. तिन्ही अर्थ त्याला हवे होते.

आत काय होतं?

दारातच एक चांदी-सोन्याचा गोल होता. त्यावर 'सत्य' असा शब्द. हा खोटा किंवा मुद्दाम बनवून घेतलेला नाही, सोसायटीच्याच संग्रहातला एक जुना चषक. जाहिरातींत खरं बोलल्याबद्दल तो दिला जायचा! त्याच्या एका बाजूला तीन पांढरे चौथरे, त्यांवर तीन अर्धपुतळे: नेपोलियन, हेन्री क्ले आणि अँड्र्यू जॅक्सन. दुसऱ्या बाजूला तीन काळे चौथरे, त्यांवर फक्त नावं: हॅरिएट टबमन, बेंजामिन बॅनेकर, फ्रेडरिक डग्लस. वर काहीच नाही. रिकामे.

आता गंमत बघा. ज्यांचे पुतळे होते त्यांच्यापैकी एकही मेरीलँडचा नव्हता. ज्यांचे नव्हते ते तिघेही मेरीलँडचेच होते. टबमन गुलामगिरीतून पळून गेली आणि परत येऊन येऊन इतरांना सोडवत राहिली. बॅनेकर अठराव्या शतकातला स्वतः शिकलेला खगोलगणिती, पंचांगं करणारा. डग्लस गुलामगिरीतून निसटून त्या काळातला मोठा वक्ता आणि लेखक झाला. राज्याच्या इतिहासाच्या संस्थेकडे नेपोलियन होता, पण आपल्याच मातीतली ही माणसं नव्हती. विल्सननं हे कुठं लिहून ठेवलं नाही. त्यानं रिकामे चौथरे ठेवले.

पुढच्या एका कपाटात नक्षीकाम केलेली चांदीची भांडी: सुरया, पेले, सुंदर घासूनपुसून ठेवलेली. आणि त्यांच्या मधोमध लोखंडी बेड्या. गुलामांच्या पायांतल्या. पाटीवर एवढंच: 'धातुकाम, १७९३ ते १८८०'.

मी ह्याचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाटी दोनदा वाचली. पाटीत एक अक्षर खोटं नाही. भांडी पण धातूचीच आणि बेड्या पण धातूच्याच. दोन्ही एकाच काळातल्या, एकाच संग्रहात जपलेल्या. फक्त आजवर भांडी काचेत होती आणि बेड्या नजरेआड. त्या शेजारी आल्याबरोबर भांड्यांचा पैसा कुठून आला हा प्रश्न आपोआप उभा राहिला.

तसंच दुसरं दालन: 'सुतारकाम, १८२० ते १९६०'. वेगवेगळ्या घडणीच्या उत्तम जुन्या खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या, आणि सगळ्यांची तोंडं एका लाकडी खांबाकडे. तो खांब बाल्टिमोरच्या तुरुंगासमोर फटके मारण्यासाठी वापरायचे, तोही थेट १९३८ सालापर्यंत. त्याचा आकार क्रुसासारखा आहे. रिकाम्या खुर्च्या जणू खेळ बघायला मांडल्या आहेत. कोण बसलं असेल तिथं, हे सांगायला विल्सननं एकही पुतळा ठेवला नाही. प्रेक्षक आत आला की तो स्वतःच त्या खुर्च्यांच्या मागे उभा राहतो.

'वाहतुकीची साधनं' ह्या भागात एक जुनी बाबागाडी होती. तिच्यात दुपट्याच्या जागी कू क्लक्स क्लानचा पांढरा टोकेरी बुरखा. जवळच काळ्या दाया गोऱ्या बाळांना फिरवताहेत असा जुना फोटो. त्याच भागात गुलामांच्या जहाजाची प्रतिकृती आणि माणसांनी उचलून न्यायची एक खुर्ची. ही खुर्ची लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

तंबाखूच्या दुकानांबाहेर ठेवायचे ते 'इंडियन' माणसांचे लाकडी पुतळे पण होते. विल्सननं त्यांची पाठ प्रेक्षकांकडे केली आणि तोंडं भिंतीवरच्या फोटोंकडे. फोटोंत मेरीलँडचे खरे मूळ रहिवासी, साध्या कपड्यांतली हाडामांसाची माणसं. लाकडी कल्पना खऱ्या माणसांकडे बघते आहे, असं ते दृश्य.

चित्रातलं पोर बोलू लागतं

माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिलं ते एका चित्राचं दालन. साधारण १७१० सालचं हे चित्र. काढणारा युस्टस एंगेलहार्ट क्यून. मधोमध भारी कपड्यांतला एक गोरा मुलगा, हेन्री डार्नल, हातात धनुष्य. मागे कठड्याच्या पलीकडे एक काळा मुलगा, जवळपास त्याच वयाचा. त्याच्या हातात मेलेला पक्षी, गळ्यात धातूचं कडं. कडं गुलामीचं.

शेकडो वर्षं हे चित्र 'हेन्री डार्नल' ह्या नावानंच ओळखलं गेलं. विल्सननं चित्राला हात लावला नाही. त्यानं दिवे आणि आवाज वापरले. तुम्ही जवळ गेलात की प्रकाश त्या काळ्या मुलावर पडतो आणि एका लहान मुलाचा आवाज येतो. तो विचारतो, मी तुझा भाऊ आहे का? तुझा मित्र आहे का? की तुझा पाळीव प्राणी?

आणखी एका चित्रात गोरं कुटुंब बागेत बसलंय आणि काळा नोकर त्यांना फळं देतोय. चित्राचं मूळ नाव 'कंट्री लाइफ', म्हणजे खेड्यातलं जीवन. विल्सननं त्याला दुसरं नाव दिलं: 'फळं वाढणारा फ्रेडरिक'. चित्राचा एक ठिपकासुद्धा बदलला नाही, पण नाव बदलल्यावर आपली नजर प्रथम कुठं जाते ते बदललं.

मग नवीन काय झालं?

आता बैठकीतल्या प्रश्नाकडे येते. त्यानं बनवलं काय?

आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत, तर व्याकरणातूनच सांगते. शाळेत कर्मणी प्रयोग शिकलो होतो. "रामानं आंबा खाल्ला" ह्या वाक्यात राम निदान आहे तरी. पण "आंबा खाल्ला गेला" म्हटलं की राम गायब, आणि वाक्य तरी पूर्णच वाटतं. संग्रहालयाच्या पाट्या बहुतेक अशाच लिहिलेल्या असतात. 'चांदीची सुरई, बाल्टिमोर, एकोणिसावं शतक, अमुक कुटुंबाची देणगी'. देणाऱ्याचं नाव आहे. पण ती सुरई रोज कोणी घासली, तिच्यातून कोणी वाढलं, ती विकत घ्यायचा पैसा कोणाच्या घामातून आला, तो कर्ता वाक्यात नाही. आणि तरी वाक्य पूर्ण वाटतं.

विल्सननं काय केलं? लपलेला कर्ता वाक्यात परत आणला. त्यासाठी त्याला नवीन वस्तू लागली नाही, वस्तूला नवा शेजार लागला. भांडी जुनी, बेड्या जुन्या, पण 'भांडी आणि बेड्या' हे वाक्य नवीन. कवीसुद्धा नवीन शब्द क्वचितच बनवतो. आपल्याच रोजच्या शब्दांना तो असा शेजार देतो की ते पहिल्यांदा ऐकल्यासारखे वाटतात.

आणि हो, माटोळीवाल्या मामाला पण मी कलावंतच म्हणेन. रानातली फळं, पानं, कंद कुठं लटकवायचे हे ठरवताना तो पण रानाबद्दल काहीतरी सांगतोच. फरक एवढाच, की माटोळीत सगळ्या वस्तू एकमेकांशी गोडीनं राहतात. विल्सनच्या कपाटात त्या भांडतात.

ह्यावर एक आक्षेप मला स्वतःला सुचला, तो पण सांगते. हा नुसता धक्का देण्याचा प्रकार नाही का? चांदीची नक्षी करणाऱ्या कारागिराचा त्यात काय दोष? त्याच्या हातचं सौंदर्य आपण बेड्या ठेवून मारून टाकत नाही का? मला वाटतं, सौंदर्य मरत नाही. सुरई तितकीच सुंदर दिसते, किंबहुना जास्त. फक्त आपल्याला तिच्याकडे निवांत बघता येत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, बेड्या पण कोणीतरी निगुतीनं घडवल्याच होत्या. हातातलं कसब कुठल्या कामाला लावायचं हा प्रश्न त्या कपाटात दोन्ही कारागिरांना विचारलेला आहे.

लोकांच्या प्रतिक्रिया सगळ्याच कौतुकाच्या नव्हत्या. काहींना राग आला, काहींना वाटलं हे इतिहासाचं विकृतीकरण आहे. पण गर्दी इतकी झाली की प्रदर्शनाची मुदत वाढवून ते फेब्रुवारी १९९३ पर्यंत चालू ठेवलं. सोसायटीबद्दल पण एक चांगला शब्द लिहायला हवा. घरातल्या कपाटाच्या चाव्या परक्याच्या हातात देऊन 'आमचं काय चुकलं ते दाखव' म्हणणं सोपं नाही. त्यानंतर कितीतरी संग्रहालयांनी हे केलं. विल्सनला पुढे १९९९ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि २००३ साली व्हेनिसच्या बिएनालेत त्यानं अमेरिकेचं प्रतिनिधित्व केलं.

बनवूनही उत्तर देता येतं

सगळेच कलावंत विल्सनसारखं करतात असं नाही. ग्रेसन पेरी हा इंग्रज कुंभार-कलावंत. २०११ साली ब्रिटिश म्युझियममध्ये त्यानं संग्रहातल्या वस्तू निवडल्या आणि त्यांच्यामध्ये स्वतः बनवलेली भांडी, पडदे, शिल्पं मिसळून ठेवली. मधोमध लोखंडाचं जहाज, तेच अज्ञात कारागिराचं थडगं. संग्रहालयातल्या ज्या हजारो वस्तूंच्या कर्त्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत, त्यांच्यासाठी हे स्मारक. म्हणजे प्रश्न विल्सनचाच, पण उत्तर हातानं घडवून दिलेलं.

आपल्या जवळचं उदाहरण मुंबईचं. भायखळ्याच्या राणीबागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं तेव्हा ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. भाऊ दाजी मूळचे आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? इमारतीची मोठी दुरुस्ती झाल्यावर ह्या संग्रहालयानं आजच्या कलावंतांना संग्रहाला आणि जागेला उत्तर द्यायला बोलावलं. २०१३ साली रीना सैनी कल्लाट यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर एक भलंमोठं कोळ्याचं जाळं लावलं. ते जाळं मोठमोठ्या रबरी शिक्क्यांचं होतं. प्रत्येक शिक्क्यावर मुंबईतल्या एका रस्त्याचं इंग्रजी काळातलं जुनं नाव, जे आता बदललं आहे.

ज्या संग्रहालयाचं स्वतःचंच नाव बदललं, त्याच्याच भिंतीवर पुसलेल्या नावांचं जाळं! आणि शिक्का का? कारण नाव देणं आणि नाव काढून घेणं, दोन्ही कचेरीत शिक्का मारूनच होतं. जुनी नावं परत आणा असं ते जाळं म्हणत नाही. नावं बदलली तरी त्यांचे धागे शहराला चिकटून असतात, एवढंच ते दाखवतं.

आपल्या घरातलं

इथवर लिहून मला थांबता आलं असतं. पण एक गोष्ट टाळली तर हा लेख पण कर्मणी प्रयोगातच राहील.

मेरीलँड ही वसाहत कॅथलिक जमीनदारांच्या पुढाकारानं वसली. इंग्लंडमध्ये कॅथलिकांचा छळ होत होता, त्यांना तिथं आसरा मिळावा हा एक हेतू होता. चित्रातल्या हेन्रीचं डार्नल घराणं पण कॅथलिकच. म्हणजे गळ्यात कडं घातलेलं ते पोर ज्या घरात उभं होतं, त्या घरात माझ्यासारखीच रोजरी म्हटली जात असणार. आणि १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट पाद्रींनी २७२ गुलाम माणसं विकली. त्यातला काही पैसा जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडायला गेला. २०१७ साली त्या विद्यापीठानं आणि जेझुइटांनी विकलेल्यांच्या वंशजांची जाहीर माफी मागितली.

गोवा पण ह्यातून सुटत नाही. यान ह्युइखेन व्हान लिन्सकोटेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ ह्या काळात जुन्या गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. शहराच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावात इतर मालाबरोबर माणसं पण विकली जायची, असं त्यानं लिहून ठेवलंय. जुन्या गोव्याची हस्तिदंती शिल्पं मला लहानपणापासून आवडतात. आताही आवडतात. पण तो हस्तिदंत ज्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून यायचा, तिथूनच माणसं पण यायची, हे आता मला विसरता येत नाही.

आता आजीची गोष्ट. गेल्या मे महिन्यात मी तिला घेऊन एका जुन्या भाटकाराच्या घरी गेले होते. घर आता लोकांना बघायला उघडं आहे. सालात झुंबरं, निळ्या नक्षीच्या बशा, कोरीव खुर्च्या. मी फोटो काढत सुटले होते. आजी ओसरीतच थांबली. तिथं एक माचील टांगून ठेवली होती. माचील म्हणजे आपल्याकडची पालखी, जी चार माणसं खांद्यावर घेऊन धावायची. पाटीवर वस्तूचं नाव, लाकूड कुठलं, शतक कुठलं, एवढं होतं.

आजीनं तिच्या दांड्यावरून हात फिरवला आणि मग तोच हात स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवला. म्हणाली, "माझ्या आजोबाच्या हांगा गाठ आशिल्ली." तिचे आजोबा मुंडकार होते. भाटकाराच्या जमिनीत झोपडी, म्हणून त्याला कुठं जायचं असलं की माचील उचलायची. वर्षानुवर्षं दांडा घासून घासून खांद्यावर गाठ आली होती, कातडं घट्ट झालं होतं. लहानपणी आजी त्यांच्या मांडीवर बसून त्या गाठीला बोटं लावायची.

एकवीस वर्षं मी तिच्याबरोबर राहते. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, "विचारलं कोणी?"

त्या माचिलीशेजारी खांद्याची गाठ ठेवता येत नाही. ती आजोबांबरोबर दफनभूमीत गेली. विल्सनला निदान बेड्या सापडल्या, लोखंड टिकतं. आपल्याकडे वाहणाऱ्यांचं काही टिकलं असेल तर ते फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत. म्हणून मला वाटतं, आपल्या इथं हे काम कलावंतांच्या आधी आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांना करायला हवं, आणि लवकर.

तर मंडळाच्या सभासदांना माझी एक सूचना आहे. घरातली एक जुनी वस्तू निवडा. पितळी समई, देव्हारा, आल्तार, वरवंटा, शिवणयंत्र, काहीही. संग्रहालयात असते तशी तिची पाटी लिहा, चार ओळींची. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, की ही कोणी वापरली, कोणी उचलली, कोणी घासली. आणि दुसरी पाटी लिहा, जिच्यात कर्ता असेल. दोन्ही पाट्या मंडळाकडे पाठवा, पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापू.

माझी पाटी तयार आहे. 'माचील. लाकूड, वेत, दोरी. ही माझ्या आजीच्या आजोबांनी वाहिली.'